रुपालीला शिकवलंत, मला नाही

आप्पा,

तुमच्या दहाव्याला मी सगळ्यांसमोर हमसून रडले. लोकांना वाटलं, लेकीचा जीव तुटतोय. तुटत होताच. पण त्या रडण्यात निम्मा राग होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझी नजर सारखी रुपालीकडे जात होती. तुमची सून, आपल्या दत्ताची बायको. ती दाराच्या कडेला पदर तोंडावर धरून बसली होती आणि गावातल्या बायका येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "लई केलं गं पोरीनं आप्पांचं," असं एक म्हणायची, की दुसरी मान डोलवायची. मी चार हातांवर बसले होते. माझ्या पाठीवरून कुणी हात फिरवला नाही असं नाही, पण आधी तिच्या, मग माझ्या.

तुमच्याबद्दल बोलायला आलेले सगळे तुमच्या एसटीबद्दल बोलले. वेल्ह्याच्या रस्त्यावर किती वर्षं गाडी चालवली, पावसाळ्यात ओढ्याला पाणी असताना गाडी कशी थांबवली, बाळंतिणीला उतरवायला घरासमोर कशी उभी केली. ते सगळं खरं आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला कॅमेऱ्याबद्दल बोलायचंय. ते तुमच्याशीच बोलायला हवं, आणि तुम्ही जिवंत असताना आपण ते धड बोललो नाही.

तो कॅमेरा घरी आला तेव्हा मी अकरावीत होते. पुण्याचे एक वयस्कर गृहस्थ दर शनिवारी तुमच्या गाडीनं तोरण्याला यायचे. पुढच्या सीटवर बसून तुमच्याशी गप्पा मारायचे. ते परदेशातल्या आपल्या मुलाकडे कायमचे राहायला निघाले, तेव्हा जाताना त्यांनी तो कॅमेरा तुमच्या गळ्यात घातला. काळा, जड, रोलचा, पण सगळं आपोआप करणारा. नुसतं बटण दाबायचं, तो स्वतःच नेम धरायचा, अंधार वाटला तर डोक्यावरचा फ्लॅश टुणकन वर यायचा आणि फोटो निघाला की आतलं यंत्र सुर्र करून रोल सरकवायचं. सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती. आपल्या विंझरमध्ये तेव्हा असं काही कुणी पाहिलं नव्हतं. लोक तुम्हाला 'फोटूवाले ड्रायव्हर' म्हणायला लागले. बारशाला, साखरपुड्याला, बैलपोळ्याला तुम्हाला बोलावणं यायचं, आणि तुमच्यामागे कॅमेऱ्याची रिकामी पिशवी घेऊन मी.

पिशवी माझी, कॅमेरा तुमचा. "हात लावू नगं, भिंग खराब व्हईल." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की तुम्ही तोंड उघडण्याआधी मला ते ऐकू यायचं.

बारावीची परीक्षा झाल्यावर मी मागितला होता. वर्गातल्या मुली तोरण्यावर जाणार होत्या. मी म्हणाले, "आप्पा, एक दिवस द्या. मी जपून वापरीन. कसा चालवायचा तेवढं दाखवा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्ये पोरीबाळींचं काम न्हाई," एवढं म्हणून तुम्ही ट्रंकेचं झाकण लावलंत. मी गडावर गेले आणि दिवसभर दुसऱ्या एका मुलीच्या साध्या कॅमेऱ्यात तोंड वाकडं करून उभी राहिले. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मैत्रिणी विचारायच्या, एवढी का चिडली होतीस. मी म्हणायचे, ऊन होतं.

मग मोबाईल आले. रोल मिळेनासे झाले, कॅमेरा ट्रंकेत गेला. मी शिकले, भोरच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका झाले, लग्न होऊन भोरलाच राहिले. तुम्ही मला 'बाई' म्हणायला लागलात. "आमची बाई आली," असं रस्त्यावरच्या माणसालाही सांगायचात. मला ते आवडायचं. नंतर नंतर कळलं, की बाईला खुर्ची मिळते. तिला ओट्यावर शेजारी कुणी बसवून घेत नाही.

आई गेल्यानंतर तुम्ही बोलणंच टाकलंत. मी रविवारी यायचे, भोरहून चेलाडी फाट्यापर्यंत एसटी, पुढे जीप. तुमच्यासमोर बसायचे, औषधं विचारायचे, तुम्ही "हां" म्हणायचात. तासाभरात आपले शब्द संपायचे. असे कितीतरी रविवार गेले.

आणि मग तो एक रविवार. मी अंगणाशी आले तर तुम्ही आणि रुपाली ओट्यावर शेजारी शेजारी बसलेले. तिच्या हातात कॅमेरा. तुमचा हात तिच्या हाताखाली, कॅमेऱ्याचं वजन पेलायला.

"आर्दं दाब," तुम्ही सांगत होता. "आर्दंच. आता थांब. टिकटिक आली का? आत लाल ठिपका दिसला?"

"दिसला, आप्पा."

"मंग आता त्यो ठिपका त्या कोंबडीवर हाय. बोट न उचलता कॅमेरा जरा बाजूला घे, म्हंजी मागचा डोंगर बी येतोय. हां. आता पुरं दाब."

सुर्र. कोंबडी उडाली. तुम्ही हसलात. आई गेल्यापासून मी तुमचं हसू ऐकलं नव्हतं.

मी फाटकात उभी होते, हातात पपईची पिशवी. तुम्ही वर बघून म्हणालात, "आली व्हय बाई? बस." आणि पुन्हा तिच्याकडे वळलात. "रुपे, आता चकती फिरीव. डोंगराचं चित्र हाय तितं ने."

रुपे. मला बाई आणि तिला रुपे.

आप्पा, त्या दिवसापासून मी कशी वागले ते तुम्ही पाहिलंत, पण बोलला नाहीत. मी रुपालीच्या चहात खोड काढली. तिच्या मुलीचं अक्षर वाईट आहे म्हणाले. ती 'फोटू' म्हणाली की मी मुद्दाम पुढच्या वाक्यात 'फोटो' म्हणायचे, वर्गात म्हणते तसं. बारावीपर्यंत शिकलेली, वरव्याच्या शेतकऱ्याची मुलगी, सकाळी गोठा आवरून दुपारी कॅमेरा घेऊन बसते, आणि मी, चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, तिच्यावर जळत होते. रात्रीचं तुमचं जेवण, औषधं, कपडे, सगळं तीच करत होती. त्याचा मला कधी हेवा वाटला नाही. त्याबद्दल मी तिचे आभार मानून मोकळी व्हायचे. हेवा त्या ओट्यावरच्या अर्ध्या तासाचा होता.

तुमची धाप वाढायला लागली, त्या शिमग्याला मी शेवटी विचारलं. रुपाली पुरणाला बसली होती, आपण दोघंच बाहेर होतो.

"आप्पा, मला का नाही शिकवलंत?"

"काय?"

"कॅमेरा. मी मागितला होता. तुम्ही म्हणालात, पोरीबाळींचं काम नाही. रुपाली पोरगी नाही का?"

तुम्ही समोरच्या खाचराकडे नजर वळवलीत. मग म्हणालात, "आटवून बघ बाई. आदी कुनी कुनाला इचारलं त्ये."

"मीच विचारलं. बारावीला."

"त्याच्या आदी."

"त्याच्या आधी काही नाही."

"न्हाई तर न्हाई," म्हणून तुम्ही उठून आत गेलात. मला वाटलं, म्हातारपणी माणूस सोयीचं तेवढं आठवतो. मी रागानं पुरणपोळी न खाता परतीची जीप पकडली. पुढे दवाखाना आला, नळ्या आल्या. त्या गडबडीत हे भांडण तसंच राहिलं.

तेरावा झाल्यावर दत्ता म्हणाला, "ताय, कॅमेरा तू घिऊन जा. तुला पयल्यापासनं आवडायचा." तो चांगल्या मनानं बोलला. मी नको म्हणायला हवं होतं. रुपाली आत गेली, कॅमेरा मऊ फडक्यानं पुसून घेऊन आली आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "ताई, यात रोल हाय. आप्पांचे फोटू हायेत. अजून सात काढायचे र्‍हायल्यात. त्याला उघडताना..."

"बघीन मी," मी म्हणाले आणि कॅमेरा पिशवीत टाकला. तिचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही.

भोरला घरी आले. कॅमेरा पिशवीतून टेबलावर काढून ठेवला. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याची पिशवी वाहिली तो आता माझा होता आणि मला तो चालवता येत नव्हता. चकती फिरवली, चालू झाला. समोरच्या भिंतीकडे धरून बटण दाबलं. भिंग पुढे मागे, पुढे मागे हलत राहिलं, फोटो काही निघाला नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. कोऱ्या भिंतीवर त्याला नेम धरता येत नाही, हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा वाटलं, हाही मला हात लावू देत नाही. चिडून बाजूची एक खिट्टी ओढली, आणि पाठीमागचं दार उघडलं.

आत रोल होता. गर्द तपकिरी, चकचकीत, खिडकीतल्या उजेडात पुरता उघडा. एवढं मलाही कळत होतं की रोलला उजेड लागला की सगळं गेलं. मी दार धाडकन लावलं. पण मी ते पाहिलं होतं, म्हणजे उजेडानंही पाहिलं होतं.

तुमचे शेवटचे फोटो होते त्यात, आप्पा. दुसरे नाहीत कुणाकडे. मोबाईलवर तुम्ही फोटो काढू देत नव्हतात. मी जमिनीवर बसले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. चार दिवस शाळेत गेले, मुलांना इंग्रजीतले काळ शिकवले, वह्या तपासल्या, आणि सगळा वेळ मला तो तपकिरी चकचकीत पट्टा दिसत होता. मनाच्या एका कोपऱ्यात आणखी एक वाईट गोष्ट होती, तीही सांगते. गेले तर गेले, तिनं काढलेले होते, असं मला क्षणभर वाटून गेलं होतं. त्याचीच लाज जास्त वाटली.

रविवारी विंझरला गेले. रुपाली गोठ्यात होती. मी तिथेच, शेणाच्या पाटीशेजारी उभं राहून सांगितलं. "रुपाली, माझ्याकडून कॅमेऱ्याचं दार उघडलं. उजेडात. सगळे फोटो गेले."

तिनं हात धुतले, कॅमेरा घेतला, वरच्या छोट्या चौकटीतला आकडा बघितला. "येकदाच उघडलं न्हवं? परत न्हाई ना?"

"एकदाच. लगेच लावलं."

ती ओट्यावर मटकन बसली. मला वाटलं, रडणार. ती म्हणाली, "मंग न्हाई गेलं. गेलं असलं तर येखादा, शेवटचा."

मला कळेना. तिनं मला शेजारी बसवलं आणि शिकवलं, आप्पा. अगदी तुम्ही तिला शिकवलं असेल तसं. "ताई, ह्यो कॅमेरा उलटा हाय. दुसऱ्या कॅमेऱ्यात कोरा रोल डब्यात असतोय अन् काढलेला भायेर. ह्यो काय करतोय, रोल घातला की आदी सगळाच्या सगळा भायेर वढून ठिवतो. मंग येक फोटू निघाला की तेवढा डब्यात आत घेतो. काढलेलं सगळं आत. तुमी उघडलं तवा जे भायेर व्हतं, त्ये न काढलेलं व्हतं. त्या सातांना उजेड लागला."

मग तिनं काडेपेटीतली काडी घेतली, कडेचं एक बारीक बटण दाबलं, आतलं यंत्र बराच वेळ सुर्र करत राहिलं आणि थांबलं. तिनं दार उघडलं. रोल सगळा डब्यात गेला होता. तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला.

दत्तानं तो पुण्याला धुवायला दिला. आठवड्यानं फोटो मोबाईलवर आले. आम्ही दोघी चुलीपुढे बसून बघत होतो. एकोणतीस फोटो. शेवटच्याच्या कडेला तेवढा एक भगवा पट्टा आलाय, बाकी स्वच्छ. तुम्ही खाटेवर. तुम्ही रेडकाला खाजवताना. तुम्ही नातीची वेणी घालताना, आणि ती वाकडी. आणि एका फोटोत तुम्ही ती इंग्रजी पुस्तिका नाकाजवळ धरलीय, दुसऱ्या हातात वाचायचं भिंग, आणि काहीतरी चुकलंय वाटतं, कारण तुम्ही जीभ दातात धरून कॅमेऱ्याकडे बघताय. पकडल्या गेलेल्या पोरासारखे. खांदे वर, डोळे हसणारे.

हा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. मी तो फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मग मोबाईल खाली ठेवून म्हणाले, "रुपाली, मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही. किती वर्षं."

तिनं चुलीत लाकूड सारलं. "ठाऊक हाय की ताई. मला बी तुमचा वाटायचा."

"माझा कशाला?"

"दिवसभर आमची बाई अशी, आमची बाई तशी. बाई येनार म्हनून धोतर बदलायचे. म्या आठवडाभर हितं असायची, माझ्यासाटी कदी न्हाई बदललं." ती हसली. मग म्हणाली, "ताई, आप्पांनी मला न्हाई शिकवलं. आमी दोगं मिळून शिकलो. त्यांना बी येत नव्हतं."

"येत नव्हतं? एवढी वर्षं फोटो काढले त्यांनी."

"त्या आपोआपच्या हिरव्या चौकोनावर ठिवून काढले समदे. बाकीची चकती त्यांनी कवाच फिरीवली न्हवती. पुस्तक इंग्रजी. त्यांना कुठं कळतंय? सासूबाई गेल्यावर त्ये बोलंनात, जेवंनात, म्हनून म्याच ट्रंकेतनं कॅमेरा काढला, पुन्यातनं रोल मागवले, म्हनलं मला शिकवा. तवा म्हनले, रुपे, मला बी न्हाई येत. तू बारावी हायेस, वाच बरं. येक येक शबुद मोबाईलवर बघत बसायचो."

मी म्हणाले, "मला का नाही सांगितलं? मी इंग्रजी शिकवते, रुपाली. एका दुपारात सगळं वाचून दाखवलं असतं."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "त्यांनी इचारलं व्हतं म्हनं तुमाला. कॅमेरा आला तवाच. तुमच्या मैतरणी आल्या व्हत्या अभ्यासाला."

आणि मला आठवलं.

पडवीत आम्ही तिघी बसलो होतो. तुम्ही ड्यूटीवरून आला होतात, खाकी कपड्यातच. पुस्तिका उघडून माझ्यासमोर धरलीत आणि एका शब्दावर बोट ठेवलंत. "माय, ह्ये 'आऊटो' म्हंजी काय गं?"

ऑटो. तुम्ही जसं लिहिलंय तसं वाचलंत. त्या दोघी फिस्सकन हसल्या, आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसले. "अहो आप्पा, आऊटो काय!" तुम्हीही हसल्यासारखं केलंत, पुस्तिका मिटलीत आणि आत गेलात. पुढचा आठवडाभर आम्ही तिघी एकमेकींना 'आऊटो' म्हणत होतो. मग मी ते विसरून गेले. इतकं स्वच्छ विसरले, की शिमग्याला तुमच्या तोंडावर सांगितलं, त्याच्या आधी काही नाही.

तुम्ही मला तेव्हा 'माय' म्हणायचात. तेही विसरले होते.

मी रुपालीसमोर खूप रडले. या वेळी त्यात राग नव्हता, पण हेवा होता, आप्पा. खोटं नाही सांगत. उलट तो वाढला. इतके दिवस मला वाटत होतं, तुम्ही तिला तुमचं ज्ञान दिलंत. खरं तर तुम्ही तिला तुमचं न येणं दाखवलंत. तिच्याजवळ बसून चुकलात, जीभ चावलीत. माझ्यासमोर तुम्ही धोतर बदलून बसायचात. असं का, हे मला आता कळलंय. कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही.

पुढच्या रविवारी मी कॅमेरा विंझरला परत नेला आणि रुपालीला म्हणाले, "मला येत नाही. शिकव."

नवा रोल तिनं माझ्याकडूनच घालून घेतला. रोलची जीभ खुणेपर्यंत ओढायची, सपाट ठेवायची, दार लावायचं. मी दोनदा चुकले. मग अंगणात तिनं मला उभं केलं. "कोपरं छातीला लावा. हां. आता आर्दं दाबा. आवो, आर्दं! ताई, तुमी घंटा दाबल्यागत दाबताय." मी पुरं दाबून टाकलं, फोटोत बहुतेक माझीच चप्पल आली. ती पोटभर हसली. तिची मुलगी पण हसली. शाळेत माझ्यासमोर कुणी हसत नाही. वाटलं, कॅमेरा तिच्या हातात द्यावा आणि चेलाडीची जीप पकडावी. खरंच पिशवी उचलली होती मी.

मग तुमची आठवण झाली, खाकी कपड्यात आत जाताना. मी पिशवी ठेवली आणि म्हणाले, "पुन्हा सांग. अर्धं म्हणजे किती?"

तिनं पुन्हा सांगितलं. चौथ्या खेपेला जमलं.

आता दर रविवारी जाते. भिंतीकडे धरायचा नाही, माणसाच्या डोळ्याकडे धरायचा, हे जमतं. चकतीवरचं फुलाचं चित्र अजून जमत नाही. रुपाली हसते, मला राग येतो, हेवा तर येतोच, आणि मी पुन्हा विचारते.

मी त्या दिवशी हसायला नको होतं. सतरा वर्षांची होते, मूर्ख होते, माफ करा. पण आप्पा, तुम्हीही एकदा परत विचारायचं होतंत. मैत्रिणी गेल्यावर. नुसतं एकदा.